भुरीची साखर

भुरी पहिल्यांदा पडली तेव्हा आम्ही हसलो होतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी फार शहाणी होते असा कुणाचा समज व्हायला नको.

केळीच्या बागेत रानडुकरं शिरली होती. माझा धाकटा भाऊ प्रल्हाद आणि भुरी त्यांच्यामागे धावले. डुकरं नाल्यात उतरून गेली. परत येताना भुरी मागच्या पायांनी लटपटायला लागली, बांधावर बसली आणि बसल्या बसल्या एका अंगावर कलंडली. "म्हातारी व्हयनी आते," प्रल्हाद म्हणाला. आम्ही दोघंही हसलो. दहा मिनिटांनी ती उठली, अंग झटकलं आणि काही झालंच नाही अशी घराकडे चालू लागली.

तेव्हा ती आठ वर्षांची होती. चोपड्याहून बदली होऊन गेलेल्या एका इंजिनीयर साहेबांकडे अल्सेशियन कुत्री होती, तिचं हे पिल्लू. बाप गावातलाच कुणीतरी. रंग भुरका म्हणून नाव भुरी. आमचं गाव चोपड्यापासून पाचसहा मैलांवर, सातपुड्याच्या बाजूला. घरात आबा म्हणजे आमचे वडील, प्रल्हाद, त्याची बायको सिंधू, त्यांची दोन लहान मुलं आणि मी. मी चोपड्याला मुलींच्या शाळेत शिकवत असे, रोज एसटीने जाऊन येऊन. वय चौतीस, लग्न झालेलं नाही. ही ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं.

फेफरं

पुढच्या तीनचार महिन्यांत ती बऱ्याचदा पडली. कधी नुसती मान कापायची. कधी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि हाक मारली तरी वळायची नाही. मग एकदा चारही पाय ताठ करून झटके आले.

चोपड्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर चांगले होते, पण त्यांचा सगळा दिवस बैल, म्हशी आणि शेळ्यांत जायचा. त्यांनी तिला नीट तपासलं आणि म्हणाले, "फेफरं दिसतंय. गोळ्या देतो." गोळ्यांनी ती दिवसभर झोपू लागली. पडणं मात्र थांबलं नाही.

माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. ती पडायची ती सकाळी काही खाण्याआधी, नाहीतर खूप पळाल्यावर. दूधभाकरी खाऊन झाल्यावर कधीच नाही. आणि पडण्याआधी तिच्या डोळ्यांत जे यायचं ते मला ओळखीचं होतं. ती बघत असायची, पण तिला दिसत नसायचं.

मला ते ओळखू आलं आणि मी गप्प बसले. का, तेही सांगते.

मी चौदा वर्षांची असताना मला मधुमेह झाला. महिन्याभरात वाळून काडी झाले होते. जळगावला दवाखान्यात होते, तिथून परत येताना एसटीत आबांनी मला सांगितलं, "गावमा कोणले सांगानं नही. कधीच नही." त्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलीची जात, पुढे लग्न व्हायचं, ही चिंता. तेव्हापासून वीस वर्षं मी सकाळ-संध्याकाळ माझ्या खोलीत काचेची सिरिंज उकळून इन्सुलिन घेत होते. कुणी विचारलंच तर अशक्तपणाचं इंजेक्शन. रक्त तपासायला मुद्दाम जळगावला जायचे, तिथे ओळखणारं कुणी नव्हतं. लग्नाची दोन स्थळं आली, दोन्ही मीच नाकारली. फसवणं जमणार नव्हतं आणि सांगायची परवानगी नव्हती. सिंधू लग्न होऊन आमच्या घरी आली त्याला सहा वर्षं झाली होती, पण तिलाही अशक्तपणाच माहीत होता.

इन्सुलिन जास्त झालं किंवा जेवायला उशीर झाला की माझी साखर उतरायची. हात कापायचे, बोलणाऱ्याचा आवाज लांबून यायचा. वर्गात मी मुलींना लिहायला लावून खुर्चीत बसायचे आणि खडीसाखर तोंडात टाकायचे. दोनदा बेशुद्धही पडले होते. "बाईंना चक्कर आली," एवढंच शाळेत म्हणत.

कुत्र्याची साखर उतरते हे मी कुठे ऐकलं नव्हतं. उगाच काही बोलायला जावं आणि हिला हे कसं माहीत असं कुणी विचारावं, ही भीती होती. चार महिने मी त्या भीतीपायी घालवले. याची टोचणी अजून आहे.

गिरणीपुढे

रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. भुरी काही न खाताच बैलगाडीमागे धावत गेली होती. पिठाच्या गिरणीसमोर ती पडली. दळणाला आलेल्या बायकांनी आरडाओरडा केला. मला कळून मी पोचेपर्यंत पंधरावीस माणसं जमली होती. भुरी धुळीत पाय झाडत होती, तोंडाला फेस होता. दोघातिघांच्या हातात काठ्या होत्या.

त्यांत एक प्रल्हाद होता.

गावातले वयस्कर म्हणून ज्यांचा शब्द सगळे मानत ते नाना पुढे उभे होते. ते म्हणाले, "पिसायेल शे. लेकरं शेतस गावमा. मारी टाका."

नाना दुष्ट नव्हते. शेजारच्या गावात पिसाळलेलं कुत्रं चावून एक तरणा माणूस गेला होता, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मीही त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

"अक्का, मांगे सर," प्रल्हाद म्हणाला. काठी वर झाली होती.

"तिची साखर उतरली आहे. गूळ आणा कोणीतरी," मी म्हणाले.

कुणी हललं नाही. मास्तरीणबाई काहीतरी पुस्तकातलं बोलतात, असं त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मग मी गावच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"माले बी असंच व्हस. चौदा वरीसनी व्हतू तवयपासून माले साखरनी बिमारी शे. मी रोज दोनदा सुई लेस. सुई जास्त व्हयनी का मी बी अशीच पडस. ही पिसायेल नही शे. गूय आणा!"

गिरणीचा पट्टा तेवढा फिरत होता. माणसांच्या मागे आबा उभे असलेले मला दिसले. त्यांनी नजर खाली घातली.

गिरणीवाल्याच्या बायकोने तांब्यात गूळपाणी कालवून आणलं. मी जमिनीवर बसले, भुरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटाने तिच्या हिरड्यांना गूळपाणी चोळत राहिले. तिचा दात माझ्या बोटाच्या पेराला लागला, रक्त आलं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. हळूहळू पाय थांबले. मग तिने मान उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि तांब्या चाटायला लागली.

प्रल्हादने काठी टाकून दिली आणि तो तिथेच खाली बसला.

मी केलं ते कुणी करू नये, हे स्पष्ट लिहिते. मला खात्री नव्हती. मला फक्त संशय होता, आणि तो खरा निघाला. खोटा निघाला असता तर हे लिहायला मी राहिले नसते.

दहा दिवस

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर खूप रागावले. त्या काळी कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. "सुरू करू. कुत्री दहा दिवस धडधाकट राहिली तर थांबवू," ते म्हणाले. मी रोज शाळेआधी जाऊन पोटात सुई घेत होते. भुरी गोठ्यात साखळीला बांधलेली. सिंधू मुलांना अंगणातसुद्धा येऊ देत नव्हती आणि माझं ताट माझ्या खोलीत आणून ठेवत होती. मला त्याचं वाईट वाटलं, पण तिची मुलं लहान होती.

मी गिरणीपुढे जे बोलले त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. पाचव्या दिवशी मी भुरीला पाणी ठेवत होते तेव्हा ते गोठ्याच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"वीस वरीस सांभाळं मी," ते म्हणाले. "कुत्रीसाठी तू सांगी टाकं."

"आबा, मी थकले होते सांभाळून."

त्यांनी कलंडलेली बादली सरळ करून ठेवली. मग म्हणाले, "माले वाटे, तुनं भलं करी राह्यनू." आणि निघून गेले. आबांच्या तोंडून याहून जास्त कधी निघालं नाही. मला तेवढं पुरलं.

त्या दहा दिवसांत माझ्या हातून एक चूकही झाली. भुरी कापायला लागली की मी तिला गूळ चारायचे. ती लगेच सावरायची, पण तासाभराने आणखी वाईट पडायची. मग आणखी गूळ. मला वाटायचं, कमीच पडतोय.

अकराव्या दिवशी भुरी जिवंत होती आणि माझ्या हातची भाकरी ओढून खात होती. माझी इंजेक्शनं थांबली.

अठ्ठावीस

त्याच आठवड्यात प्रल्हादने जीप ठरवली आणि आम्ही भुरीला उपाशीपोटी जळगावला नेलं. मी रक्त तपासायला जायचे त्या लॅबच्या डॉक्टरांनी मला एक बाटली दिली होती, रक्तातली साखर टिकावी म्हणून आत पावडर असलेली. जनावरांच्या दवाखान्यात तिच्या पुढच्या पायातून रक्त घेतलं आणि मी ती बाटली पदराखाली धरून लॅबमध्ये पळत गेले; प्रल्हाद भुरीला घेऊन जीपने मागून आला.

फॉर्मवर मी नाव लिहिलं भुरी, वय आठ.

"ही तुमची कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुत्री."

ते हसले आणि आत गेले. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "काहीतरी चुकलंय, परत करतो." दुसऱ्यांदा बाहेर आले आणि तसेच तिसऱ्यांदा करायला गेले. मग माझ्यासमोर येऊन बसले.

"अठ्ठावीस. तिन्ही वेळा तेच. उपाशीपोटीही सत्तरच्या खाली जायला नको. इतकी कमी साखर घेऊन माणूस त्या बाकावर बसून राहिला नसता. कुठाय ती?"

ती बाहेर जीपमध्ये प्रल्हादच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन तिच्याकडे बघत उभे राहिले. मी रस्त्यातच रडायला लागले. काही चांगलं कळलं होतं असं नाही. पण कळलं होतं. वेड नाही, बाहेरचं नाही, पिसाळणं नाही. एक आकडा होता, आणि तो आकडा मला समजत होता.

धुळे

सिंधूचं माहेर धुळ्याचं. तिच्या वडिलांच्या ओळखीचे एक जनावरांचे डॉक्टर होते, पूर्वी कॉलेजात शिकवलेले, निवृत्त होऊन घरीच कुत्री-मांजरं बघायचे. आम्ही भुरीला घेऊन तिकडे गेलो. सिंधू मुलांसह बरोबर आली, माहेरी जायला मिळतं म्हणून.

डॉक्टरांनी कागद बघितला, भुरीच्या पोटावरून हात फिरवला, आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून उभ्यानेच वाचत राहिले. मग मला विचारलं, "साखर तपासावी असं तुम्हाला कसं सुचलं?"

मी सांगितलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे," ते म्हणाले. "तुम्हाला जे बाटलीतून घ्यावं लागतं, ते हिच्या पोटात नको तितकं तयार होतंय. स्वादुपिंडात गाठ असणार. गाठ लहान असते, पण इन्सुलिन ओतत राहते. माझ्या आयुष्यात मी हे पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच बघतोय."

गुळाचं ऐकून त्यांनी मान हलवली. गूळ मिळाला की ती गाठ आणखी इन्सुलिन सोडते, आणि साखर पहिल्यापेक्षा खाली जाते. पडली तर तेवढ्यापुरता चाटवायचा आणि शुद्धीवर येताच खरं अन्न द्यायचं, भाकरी, डाळ, अंडं. एरवी गोड अजिबात नाही. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा.

"आणि गाठ?"

"काढता येईल. पण कुत्र्यांमध्ये ही गाठ बहुतेक वेळा वाईट निघते. काढली तरी परत येते."

त्या दिवशी सिंधूच्या माहेरी ओट्यावर आमचं बोलणं झालं. सिंधू म्हणाली, "अक्का, रागे भरू नका. कुत्रीनं पोट फाडानं, तिले ते समजाव बी नही. तिनी काय मागं व्हतं का?" तिचं खोटं नव्हतं. प्रल्हाद भुरीच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता. तो म्हणाला, "मी काठी उचलेल व्हती तिनावर. ऑपरेशन करसूत."

डॉक्टरांनी माणसांच्या एका सर्जन मित्राला मदतीला बोलावलं. ऑपरेशन त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत झालं, ग्लुकोजची बाटली लावून. आम्ही अंगणात बसलो होतो. सर्जन आधी बाहेर आले आणि नळावर हात धूत राहिले, आमच्याकडे न बघता. तेव्हाच मला समजलं.

"तुरीच्या दाण्याएवढी गाठ होती, काढली," डॉक्टर म्हणाले. "पण लिव्हरवर बारीक ठिपके आहेत. ते मला काढता येणार नाहीत."

"किती दिवस?" प्रल्हादने विचारलं.

"महिने म्हणा. वर्ष मिळालं तर पुष्कळ."

पुढचे सहा दिवस भुरीने फार सोसलं. ओकाऱ्या, ताप. मी रजा काढून तिच्याजवळ बसायचे. सकाळी बाटली बदलायची, दुपारी तिला कुशीवर वळवायचं, संध्याकाळी डॉक्टर येऊन टाके बघायचे. एक दिवस मला वाटलं, सिंधूचंच बरोबर होतं. सातव्या दिवशी भुरी उठून दारापर्यंत गेली आणि उन्हात बसली. त्या दिवशीही सिंधूचंच बरोबर होतं का, हे मला ठरवता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

पाच वेळा

अकरा महिने मिळाले. त्यांतले पहिले सहा तर अगदी निरोगी. ती पूर्वीसारखी बागेत फिरायची, फक्त दोरीला बांधून. डुकरांचा आवाज आला की दोरी ओढायची, प्रल्हाद सोडायचा नाही.

प्रश्न होता पाच वेळच्या खाण्याचा. मी शाळेसाठी साडेनऊला घर सोडायचे ती साडेपाचला परत. मी कुणाला सांगायच्या आतच सिंधूने ते अंगावर घेतलं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरीचा कुस्करा, त्यात उकडलेलं अंडं, सकाळी अकराला आणि दुपारी तीनला. कधी चुकलं नाही. शेतात कापूस वेचायला गेली तरी डबा बरोबर. मी एकदा तिचे आभार मानायला गेले तर म्हणाली, "ती माले आवडस म्हणीसन नही. तुम्ही शायमा जीवले घोर लाई बसशात म्हणीसन." पण भुरी तिच्या मागेमागे चुलीपर्यंत जायची आणि ती हाकलायची नाही. नानांच्या घरूनही अंडी यायची. 

सातव्या महिन्यापासून पुन्हा कापरं भरायला लागलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी साखर वर राहावी म्हणून गोळ्या सुरू केल्या आणि वाढवत नेल्या. गोळ्यांनी तिला सारखी भूक आणि तहान लागे, पोट लोंबायला लागलं, मागचे पाय बारीक झाले. पाचाच्या जागी सात वेळा खाणं. मग तेही पुरेना.

ती गेली तेव्हा मी शाळेत होते. वार्षिक परीक्षा चालू होती, मी पर्यवेक्षणाला होते. संध्याकाळी एसटीतून उतरले तर प्रल्हाद फाट्यावर उभा होता, त्यावरून कळलं. त्याने आबांच्या मदतीने बागेच्या कडेला खड्डा खणून ठेवला होता, माझ्यासाठी थांबले होते. आम्ही तिला ठेवलं. माती लोटून झाल्यावर पुरुष पुढे गेले आणि मी आणि सिंधू मागे राहिलो.

"त्रास झाला का तिला?" मी विचारलं.

"व्हयना," सिंधू म्हणाली. "खोटं काय सांगू? बराच येळ व्हयना. मी गूय लावा, धरी ठेवं तिले. उठनीच नही."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिने खरं सांगितलं याचं मला बरं वाटलं. मी बांधावर बसले. तीही शेजारी बसली. तिच्या हाताला अजून गूळ चिकटलेला होता, त्यावर माती.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्ही अशा पडनात तर मी काय करानं?"

वीस वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. आबांनी नाही, प्रल्हादने नाही.

"गूय किती लावानं? पानी देवानं का नही? दात बठेल राह्यनात तर? डॉक्टरले कवय बलावानं? माले काहीच माहीत नही. घरमा दिनभर मीच ऱ्हास."

मी तिला सांगायला लागले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. कुशीवर वळवायचं. गालाच्या आतून साखर चोळायची. शुद्ध आली की जेवायला द्यायचं. पाव तासात शुद्ध आली नाही तर जीप बोलवायची आणि चोपड्याला न्यायचं, वाट बघायची नाही. सुई कुठे ठेवते, ती किती घेते, कोणत्या वेळेला घेते. मी भराभर बोलत होते, वर्गात कधी बोलले नाही अशी अडखळत.

ती सगळं ऐकून घेत होती. माझं संपलं तेव्हा तिने हात झटकले आणि मांडी घालून नीट बसली.

"परत सांगा," ती म्हणाली. "पहिलेपासून. सावकाश."

मी परत सांगितलं.